दाताचे नवे मूळ : धातूचे की सिरॅमिकचे?



दाढ काढल्यावर काही दिवस जीभ सारखी त्या रिकाम्या जागेकडे जाते. मग सवय होते. माणूस एकाच बाजूने चावायला शिकतो. घरातली बाई तर ‘चालतंय की’ म्हणत वर्षानुवर्षे तशीच राहते. मुलांची फी, घराचा हप्ता, एखादे लग्न हे सगळे उरकले की मग तिच्या दाताचा नंबर लागतो. तोवर शेजारची दाढ मोकळ्या जागेकडे कललेली असते, समोरच्या जबड्यातली दाढ तिच्या जागेवरून सरकलेली असते आणि हिरडीखालचे हाड झिजून गेलेले असते.

आता दातांच्या दवाखान्यात गेले की इम्प्लांटची गोष्ट निघतेच. त्यातही दोन प्रकार सांगितले जातात : टायटॅनियम या धातूचा आणि झिरकोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा. पालकसभेला येणाऱ्या माता आम्हाला याबद्दल विचारतात. एकीची खालची दाढ गेली आहे. पांढरा इम्प्लांट घ्यायचा तर भिशीचे पैसे पुरत नाहीत, अंगठी मोडावी लागेल, असा तिचा हिशेब. पण ‘धातू शरीरात नको’ असे भावजयीने मोबाईलवर पाहिले आहे, म्हणून जीव अडकला आहे. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी प्रश्न नीट समजलेला असावा, एवढ्यासाठी हे पान.

आधी एक घोळ निस्तरू

‘मी झिरकोनियाचा दात बसवला’ असे कुणी म्हटले, तर बहुतेक वेळा ती व्यक्ती कॅपबद्दल बोलत असते, मुळाबद्दल नाही. इम्प्लांटने बसवलेल्या दाताचे तीन भाग असतात. हाडात रुतणारा स्क्रू म्हणजे नवे मूळ. त्याच्या वर बसणारा, हिरडीतून बाहेर येणारा छोटा खुंट, त्याला अॅबटमेंट म्हणतात. आणि त्या खुंटावर बसणारी कॅप, म्हणजे आपल्याला दिसणारा दात.

टायटॅनियमचा स्क्रू घेतला तरी वरची कॅप पांढरी, सिरॅमिकचीच बसवता येते. हसताना, बोलताना लोकांना दिसते ती कॅप. म्हणजे ‘धातूचा इम्प्लांट’ म्हणजे तोंडात चमकणारा धातूचा दात नव्हे. दोन प्रकारांत खरा फरक आहे तो हिरडीच्या आत दडलेल्या मुळाचा. ही एक गोष्ट कळली तरी निम्मी भीती जाते, आणि कधी कधी निम्मा खर्चही.

दोघांची कुळकथा

1950 च्या दशकात स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. काम संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाड त्या धातूला घट्ट धरून वाढले होते. या ओळखीतूनच पुढे इम्प्लांटचा शोध लागला. 1965 साली गोथेनबर्ग शहरात त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन 2006 साली वारले. चाळीसहून अधिक वर्षे ते त्याच आधारावर जेवले.

सिरॅमिकची गोष्ट नंतरची. 1970 च्या दशकात अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचे इम्प्लांट आले, पण ते तुटत. मग झिरकोनिया आला. तो आधीच्या सिरॅमिकपेक्षा पुष्कळ चिवट. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याचे इम्प्लांट वापरात येऊ लागले.

उर्दू जाणणाऱ्यांना एक गंमत सांगतो. झिरकोनियम हे नाव ज्या ‘झिरकॉन’ खड्यावरून आले, त्या शब्दाचे मूळ फारसी ‘जरगून’ असे सांगतात. जर म्हणजे सोने आणि गून म्हणजे रंग. आपल्या ओढणीच्या जरीतला ‘जर’ तोच. आणि दोन्ही पदार्थ तसे परके नाहीत. टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते. झिरकॉन केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मिळतो.

वर्गात सांगतो तसेच सांगायचे, तर झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम या धातूचा ऑक्साइड. टायटॅनियमलाही हवा लागली की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि हाडाला प्रत्यक्षात स्पर्श होतो तो त्या थराचा. ‘एकात धातू, दुसऱ्यात धातूचा मागमूस नाही’ अशी जी सरळ वाटणी जाहिरातीत केली जाते, ती इतकी सरळ नाही.

कुणाचे काय चांगले

टायटॅनियमचे पहिले बळ म्हणजे अनुभव. सहा दशके तो माणसांच्या जबड्यांत आहे. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरातले साधारण पंचाण्णव इम्प्लांट जागेवर असतात, असे अभ्यास सांगतात. दुसरे बळ म्हणजे तो धातू आहे. धातूला थोडी लवचीकता असते, तो ताण सोसतो. तिसरे म्हणजे सोय. त्याचा स्क्रू आणि खुंट बहुधा वेगवेगळे येतात. स्क्रू थोडा तिरपा बसला तर वरचा खुंट कोन बदलून घेता येतो. पुढे कॅप खराब झाली तर ती बदलता येते. सुटे भाग मिळतात आणि हे काम जाणणारे डॉक्टर तालुक्याच्या गावीही भेटतात.

झिरकोनियाचे बळ त्याच्या रंगात आहे. काहींची हिरडी इतकी पातळ असते की आतला करडा धातू सावलीसारखा जाणवतो. वरच्या पुढच्या दाताला हे खटकू शकते. तिथे पांढरे मूळ दिसायला बरे. त्याच्या पृष्ठभागावर दाताची कीट थोडी कमी चिकटते, असेही प्रयोगांत दिसते. मात्र म्हणून साफसफाईतून सुटका नाही.

झिरकोनियाचा उणेपणा म्हणजे तो शेवटी सिरॅमिकच. घरातले स्टीलचे ताट पडले तर पोचा येतो, चिनी मातीची बशी पडली तर दोन तुकडे होतात. झिरकोनिया बशीपेक्षा कितीतरी मजबूत, पण तुटण्याची तऱ्हा तीच. तो वाकत नाही, ताण मर्यादेबाहेर गेला तर मोडतो. म्हणून जिथे बारीक व्यासाचा स्क्रू लागतो तिथे तो जपून वापरतात. त्याचे अनेक इम्प्लांट स्क्रू आणि खुंट मिळून एकसंध येतात. कोन चुकला तर दुरुस्तीला वाव थोडा. कॅप सिमेंटने चिकटवावी लागते, आणि ते सिमेंट हिरडीखाली राहिले तर तिथे सूज धरते. आता दोन भागांचे झिरकोनिया इम्प्लांटही मिळतात, पण त्यांचा अनुभव अजून थोड्या वर्षांचा. अलीकडचे निकाल चांगले आहेत. तरी चाळीस वर्षे जेवलेला लार्सन त्यांच्याकडे अजून नाही.

मग त्या मातेच्या दाढेचे काय? खालची दाढ मागे असते, कुणाला दिसत नाही, आणि चावण्याचा सगळा जोर तिच्यावर येतो. अशा ठिकाणी टायटॅनियमचे मूळ आणि वर सिरॅमिकची कॅप ही जोडी पुरेशी आहे. अंगठी मोडण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. उलट एखाद्या तरुण मुलीचा वरचा पुढचा दात गेला आहे, हिरडी पातळ आहे, हसताना हिरडी दिसते आणि डॉक्टरांचा झिरकोनियावर हात बसलेला आहे, तर पांढऱ्या मुळाचा विचार जरूर करावा. तिथेही टायटॅनियमच्या स्क्रूवर झिरकोनियाचा खुंट हा मधला मार्ग असतो. तो डॉक्टरांना विचारायला विसरू नका.

‘मला धातूची अॅलर्जी आहे’

हे वाक्य बहिणींकडून फार ऐकू येते. खोटे कानातले घातले की कान चिघळतात, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येते. हा त्रास खरा आहे, पण त्याला कारण बहुधा निकेल हा धातू असतो. टायटॅनियमची अॅलर्जी असते, पण ती फार विरळ.

इथे एक बारकावा आहे. स्वस्त कॅपमध्ये पोर्सेलिनच्या आत निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे कवच असू शकते. म्हणजे निकेलचा त्रास असणाऱ्या बहिणीने मुळापेक्षा कॅपची चौकशी जास्त करायला हवी. ‘कॅपच्या आत कोणता धातू आहे, निकेल आहे का?’ एवढे विचारले तरी पुरे. टायटॅनियमचीच शंका असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. एमआरआयची धास्तीही अनेकांना असते. टायटॅनियम लोखंडासारखा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे दाताच्या इम्प्लांटमुळे सहसा एमआरआय अडत नाही. तपासणीपूर्वी तिथल्या माणसाला सांगावे, इतकेच.

आपल्या घरांतले काही प्रश्न

शरीरात धातू बसवणे जायज आहे का, असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत हजरत अरफजा (रजि.) यांचा प्रसंग आहे. लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घ्यायला सांगितले. एरवी पुरुषांना मना असलेले सोने गरजेपोटी चालले, यावरून उलेमांनी दातांच्या बाबतीतही सवलत सांगितली आहे. हजार वर्षांपूर्वी अंदलूसचे मोठे शल्यचिकित्सक अबुल कासिम अज-जहरावी यांनी ‘अत-तसरीफ’ या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची आणि गेलेल्या दाताच्या जागी गाईच्या हाडाचा घडवलेला दात बसवण्याची रीत लिहून ठेवली. गेलेला दात परत बसवणे ही आपल्याकडे नवी कल्पना नाही.

वुजू आणि गुस्लचा प्रश्नही येतो. हाडात पक्का बसलेला दात काढता येत नाही, म्हणून तो खऱ्या दातासारखाच धरला जातो. काढ-घाल करायच्या कवळीचा मसला वेगळा आहे. तो आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, असा प्रश्न मात्र वेगळाच आहे. हाड कमी असेल तर इम्प्लांटपूर्वी किंवा सोबत हाडाची भुकटी भरतात आणि वर एक पडदा ठेवतात. ही भुकटी माणसाच्या किंवा गाईच्या हाडापासून केलेली असू शकते, डुकरापासूनही असू शकते, आणि पूर्ण कृत्रिमही मिळते. पडदा तर पुष्कळदा डुकराच्या कोलॅजेनचा असतो. स्क्रू धातूचा की सिरॅमिकचा यावर आपण महिनाभर खल करतो आणि हे विचारायचेच राहून जाते. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पाकिटावर लिहिलेले असते. आपली अडचण सांगितली तर पर्याय सुचवता येतो. ऐन खुर्चीत बसल्यावर तो सुचवणे अवघड.

आणि वेळ निवडताना रमजान टाळलेला बरा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गोळ्या वेळेवर लागतात, मऊ खावे लागते, पाणी पीत राहावे लागते.

स्क्रूपेक्षा मोठी गोष्ट

आता जे सांगतो ते दोन्ही प्रकारांना सारखेच लागू आहे, आणि निकाल बहुतेक यावरच ठरतो. स्क्रू बसवल्यावर हाडाने त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. या काळात आणि नंतरही त्याचे चार वैरी आहेत.

पहिला तंबाखू. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत आजी, अम्मी, खाला सकाळी मिश्री लावतात. ‘दात घासते’ म्हणतात, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, मिश्रीचा डबा मात्र चुलीजवळच असतो. सिगारेट, बिडी, गुटखा, मिश्री, काहीही असो, हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो आणि हाड स्क्रूला धरत नाही.

दुसरा वैरी ताब्यात नसलेली साखर. मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट नाहीच असे नाही. पण आधी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करून साखर आटोक्यात आणावी लागते. तिसरा वैरी म्हणजे काही औषधे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या काही गोळ्या किंवा इंजेक्शने आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते लपवू नका. आणि स्वतःच्या मनाने त्या बंदही करू नका.

चौथा वैरी घाण. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी सुजते आणि मग हाड झिजते. मिस्वाक करणाऱ्यांनी ती जरूर करावी, मात्र दोन दातांच्या मधल्या फटीत ती पोहोचत नाही. तिथे छोटा ब्रश किंवा दातांचा दोरा लागतो. बकरी ईदला नळी फोडण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे. तिथे कॅपचा कस पाहायचे कारण नाही.

आणि इम्प्लांट हाच एक उपाय आहे असेही नाही. शेजारचे दोन्ही दात आधीच कॅपचे असतील, तर ब्रिज सोपा पडतो. ते दात धडधाकट असतील, तर ब्रिजसाठी ते घासावे लागतात. तिथे इम्प्लांट बरा. पैसे अजिबात नसतील, तर काढ-घाल करायची कवळीही मोकळ्या जागेपेक्षा चांगली. यात लाजण्यासारखे काही नाही.

शाळकरी मुलांसाठी

खेळताना किंवा सायकलवरून पडून पुढचा दात मुळासकट निघाला, तर पालक लगेच इम्प्लांटचे विचारतात. पण जबडा वाढत असताना इम्प्लांट बसवत नाहीत. वाढ साधारण अठराच्या पुढे थांबते, मुलांत आणखी उशिरा. म्हणून निघालेला कायमचा दात फेकू नका. मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाने धरा. माती असेल तर हलकेच धुवा, घासू नका. जमल्यास त्याच खड्ड्यात परत बसवा, नाहीतर दुधात टाका आणि तासाच्या आत दवाखाना गाठा. तो दात पुन्हा धरू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

कुठे जावे, काय विचारावे

1920 साली कोलकात्यात भारतातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. दंतचिकित्सेला शिस्त यावी म्हणून ते झटले. 1948 साली देशात दंतवैद्यक कायदा झाला, आणि नोंदणी नसलेल्या माणसाने दातांवर इलाज करणे बंद झाले पाहिजे हे कायद्याने मान्य केले. त्यांचा जन्मदिवस 24 डिसेंबर हा देशात दंतचिकित्सक दिन म्हणून पाळतात. त्याची आठवण ठेवून तरी डॉक्टरांची नोंदणी विचारायला संकोचू नका.

आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवराचे रुरल डेंटल कॉलेज आहे, संगमनेरला एसएमबीटीचे दंत महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, पुण्याला आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात वेळ जास्त जातो, चकरा पडतात, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होते आणि खर्च सहसा कमी येतो. निदान दुसरे मत घ्यायला तरी जावे.

जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या :

1. माझ्या बाबतीत इम्प्लांटच का? ब्रिज का नको?
2. हाड पुरेसे आहे का? स्कॅनमध्ये दाखवाल का?
3. सांगितलेल्या रकमेत स्क्रू, खुंट, कॅप, स्कॅन आणि हाडाची भुकटी हे सगळे आले का? प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून द्याल का?
4. भुकटी आणि पडदा कशापासून केलेला आहे?
5. झिरकोनिया सुचवत असाल तर माझ्या या दातासाठी त्याचा नेमका फायदा कोणता? तुम्ही असे किती बसवले आहेत?
6. स्क्रू धरला नाही तर पुढे काय, आणि तो खर्च कुणाचा?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘हा नवीन आहे, महाग आहे, परदेशी आहे’ असे आले, तर ते उत्तर नव्हे. ‘तुमची हिरडी पातळ आहे आणि दात पुढचा आहे’ असे आले, तर ते उत्तर आहे.

आणि काम झाल्यावर इम्प्लांटचे कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनीचे नाव, स्क्रूचे माप आणि क्रमांक असतो. दहा वर्षांनी कॅप बदलायची वेळ आली, डॉक्टर दुसरे असले, गाव दुसरे असले, तरी त्या कार्डावरून त्यांना नेमका भाग शोधता येतो. घराचे कागद, रेशनकार्ड जिथे ठेवता तिथेच ते ठेवा.

अल्लाह सर्वांना सेहत देवो. आमीन.